मागचा माणूस

अंबादास गजभिये त्या दिवशी जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेला तो फक्त वायर आणायला. हजार व्होल्ट सोसेल अशी, जाड रबराच्या अंगाची वायर. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे? अंबादासनं सांगितलं, गाणी ऐकायला. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि वायर मापताना वीतभर जास्त सोडली. बायको गेलेल्या माणसाला बाजारात एवढी सूट मिळते.

छत्तीसगड वेगळं झालं, त्याच्या नंतरच्या एका उन्हाळ्यातली ही गोष्ट. वाटणीत धाकट्यानं शेत न मागता विहीरच उचलून न्यावी, तसं छत्तीसगड जाताना वीज घेऊन गेलं, असं जबलपुरात लोक म्हणत. लाइट जाण्याची कोणी दखल घेत नसे. आली तर शेजारी एकमेकांना सांगत. अशा गावात एका म्हाताऱ्यानं शेकडो व्होल्ट कानाला लावायचं यंत्र करायला घ्यावं यात जो विनोद आहे, तो अंबादासला कळत होता. पण विनोद कळला म्हणून कोणी काम थांबवत नाही. नाहीतर सरकारी कचेऱ्या कधीच ओस पडल्या असत्या.

त्याचं असं झालं. सिविल लाइंसमधल्या कुठल्याशा बंगल्याचं सामान भंगारात निघालं आणि त्यात भैयालाल कबाड्याला एक परदेशी हेडफोन मिळाला. अंबादासनं तो पाहताक्षणी ओळखला. साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतं, तारेची गुंडाळी असते. यात तसलं काही नव्हतं. दोन जाळीदार पत्र्यांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा ताणलेला. त्या पडद्याला पाच-सहाशे व्होल्टांचा भार द्यायचा आणि दोन्ही जाळ्यांनी त्याला आळीपाळीनं ओढायचं, की तो थरथरतो आणि गातो. पडद्याला वजन असं नाहीच, त्यामुळे आवाज असा येतो, की ऐकणारा आणि गाणारा यांच्या मधे यंत्र म्हणून काही उरतच नाही. फक्त त्याला स्वतःचा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, आणि तो हरवलेला होता. भैयालालनं फार घासाघीस केली नाही. म्हणाला, त्या साहेबाच्या घरात दुसरं कोणी नव्हतं, दिवसभर हेच चढवून बसायचा, घेऊन जा.

अंबादासचं सगळं आयुष्य फॅक्टरीच्या टेस्टिंग विभागात गेलं होतं. कानात ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं इतकी मुरली होती, की निवृत्तीच्या दिवशी साहेबांचं भाषणही त्याला विजेच्या त्याच पन्नास सायकलच्या घुमण्यात ऐकू आलं. कान जायच्या आत एकदा काहीतरी स्वच्छ ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. नागपूरच्या जावयानं इंटरनेटवरून सर्किट उतरवून पाठवलं. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह घरात पडलेलेच होते. ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः हातानं गुंडाळला, पत्रा कापून पेटी केली, पेटीवर व्होल्टेज कमी-जास्त करायची लोखंडी चकती बसवली. दीक्षितपुऱ्याच्या मागच्या गल्लीतलं ते दोन खोल्यांचं घर सोल्डरच्या राळेच्या वासानं भरून गेलं. एकट्या माणसाच्या घराला एरवी जो वास येतो, त्यापेक्षा हा बरा होता.

आता एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फॅक्टरीत हाय टेन्शनवर कोणी एकटा बसत नसे. एक माणूस टेबलापाशी. उजवा हात चकतीवर, डावा हात पँटच्या खिशात, डोळे मीटरच्या काट्यावर. दुसरा त्याच्या पाठीमागे, मेन स्विचचा दांडा धरून उभा. या दुसऱ्याला तिथं 'पीछेवाला' म्हणत. पुढच्यानं विचारायचं, "दूँ?" मागच्यानं आधी अर्थची, म्हणजे जमिनीत जाणारी, तार लागली आहे का पाहायचं, कोणाचा हात उघड्यावर नाही ना ते पाहायचं आणि मग म्हणायचं, "हां." त्या 'हां'शिवाय चकती फिरवायची नाही. आणि 'हां' आलं की थांबायचं नाही, विचार करायचा नाही, मागे तर मुळीच पाहायचं नाही. डोळा काट्यावरून हटला की काटा आपलं काम उरकून घेतो. पीछेवाल्यावर भरवसा नसेल तर बदली मागावी, मान वळवू नये. अंबादासची सगळी नोकरी अशी गेली: पाठीमागे एक माणूस आहे, या भरवशावर.

घरी तो रेडिओ दुरुस्त करी तेव्हा पीछेवाला शेवंता असे. मेन स्विच स्वयंपाकघराच्या दारापाशी होता. लग्न होऊन आल्यावर पहिल्या महिन्यातच त्यानं तिला तिथं उभं राहायला शिकवलं. लोक नव्या नवरीला भेडाघाट दाखवतात, मला अर्थची तार दाखवली, असं ती आल्यागेल्याला ऐकवी. पण शिकली पक्की. त्यानं "देऊ?" म्हटलं, की हातातलं लाटणं खाली ठेवून आधी तार पाही, मग "हां" म्हणे. तार सुटलेली दिसली तर मात्र 'हां' नसे. "पहिले तार लावा, मंग गाणे ऐका. मले अजून पेन्शन खायाची आहे तुमची." पेन्शन सुरू झाली आणि ती गेली. लोकांना नवऱ्याची पेन्शन पुरत नाही. इथं उलट झालं.

मुलगी लता नागपूरला होती. ती या 'हां'च्या आवाजातच लहानाची मोठी झालेली, त्यामुळे बाप एकटाच असलं काही करून राहिला म्हटल्यावर तिचा जीव उडाला. दर रविवारी फोनवर तिचं एकच: घर बंद करा, इकडे या. अंबादास म्हणे, हे यंत्र होऊ दे, मग पाहू. शेवटी तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, की पीछेवाला असल्याशिवाय स्विच टाकायचा नाही.

म्हणून त्यानं शेजारच्या बापू खोब्रागडेला धरलं. बापू रेल्वेतून निवृत्त, कानानं थोडा कमी. जेवण झालं की येई, स्विचखाली खुर्ची टाकून बसे आणि कूलरच्या वाऱ्यात डुलक्या घेई. अंबादासनं "देऊ?" विचारलं तरी हां, चहा घेतोस का विचारलं तरी हां. एकदा त्यानं मीटरवरची नजर न काढता विचारलं, "बापू, झोपला का?" मागून उत्तर आलं, "हां." असा पीछेवाला फॅक्टरीत असता, तर दोघांच्याही बायका अनुकंपा नोकरीवर लागल्या असत्या. पण माणूस होता. पाठीमागे खुर्ची करकरत होती, कोणी खोकत होतं. थोडथोडं व्होल्टेज चढवत काम पुढे सरकत गेलं.

मग बापू भाचीच्या लग्नाला कटनीला गेला. चार दिवसांत येतो म्हणाला आणि तिथंच रमला.

ती दुपार अंबादासला नीट आठवत होती. वैशाखातलं ऊन गल्लीत असं उतरलं होतं की कुत्रीही ओट्यांखाली शिरली होती. कूलर चालू होता, त्यातल्या ओल्या वाळ्याचा गार वास खोलीत पसरला होता. ॲम्प्लिफायर पुरा झाला होता. पुरा भार दिलेला तेवढा नव्हता. बापूची वाट पाहून तो कंटाळला. त्यानं स्वतःशी ठरवलं, थोडंसंच व्होल्टेज देऊ, फक्त घूं-घूं येते का ऐकू. उठून स्वतःच मेन स्विच टाकला, टेबलाशी बसला, हेडफोन चढवला. उजवा हात चकतीवर, डावा खिशात, डोळे काट्यावर. आणि इतक्या वर्षांची सवय, ती आपोआप बोलली.

"देऊ?"

"हां."

त्यानं दिलं. काटा चढत गेला, पाचशेच्या पुढे जाऊन जागेवर उभा राहिला. पेटीतून राळेचा ऊन वास आला. त्यानं रेडिओचा आवाज हळूच वर केला, आणि कोणीतरी सरोद वाजवत होतं. अंबादासनं सरोद पूर्वीही ऐकला होता, पण तारेला नखी लागायच्या आधी वाजवणारा श्वास घेतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. सरोदच्या पोलादी पट्टीला नख घासलेलं कळलं. दोन सुरांच्या मधे जी रिकामी जागा असते ती किती मोठी असते, हे कळलं. त्याचे डोळे भरून आले. एवढं चांगलं आपण एकट्यानं ऐकू नये असं वाटून तो मागे वळला आणि म्हणाला, "बापू, ये, ऐकून पाय जरा..."

खुर्चीवर त्याचाच पंचा वाळत पडला होता.

तो बराच वेळ तसाच वळून बसून राहिला. पाठीवर घाम होता, आणि कूलरचा वारा त्यावर बोटं फिरवावीत तसा फिरत होता.

गजभियांच्या घरातून भूतप्रेत त्याच्या बापाच्या पिढीतच बाद झालं होतं. देव्हारा गेला त्याच दिवशी तेही गेलं. विहारात भन्तेजी सांगत, आत्मा असा काही नाही; आणि आत्माच नाही तर भटकणार कोण? अंबादासला हा युक्तिवाद नेहमी आवडे. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच युक्तिवादाचा आधार घेतला, मेन स्विच टाकला, हेडफोन चढवला आणि मुद्दाम विचारलं.

"देऊ?"

क्षणभर काही नाही. मग अगदी जवळून, कोणी हातातलं काम बाजूला ठेवून म्हणावं तसं... "हां."

आणि हाताचं असं, की तो मालकाचं मत विचारत बसला नाही. 'हां' आल्याबरोबर त्यानं चकती फिरवली.

मग त्यानं टेस्टिंगवाल्यासारखा शोध घेतला. रेडिओची तार काढून टाकली, तरी उत्तर आलं. हेडफोन काढून विचारलं, तर आलं नाही. पुन्हा चढवून विचारलं, आलं. शेजारच्या घरचा आवाज असेल म्हणून भिंतीला कान लावला. पलीकडचं कुटुंब लग्नसराईत गावाला गेलेलं होतं. जेवताना त्याच्या डोक्यात आलं, की हा पडदा बोलतो तसा ऐकतोही. मायक्रोफोनमध्ये असाच पडदा असतो. तो इतका पातळ की बाहेरच्या आवाजाला अडवतच नाही. म्हणजे आवाज यंत्रातून येतच नसणार. कोणीतरी जाळीला ओठ लावून, बाहेरून, कानाशी बोलत असणार. त्यानं हातातली भाकर ताटात ठेवली, आणि त्या दिवशी पुढे जेवला नाही.

यावर दुसरा कोणी असता तर त्यानं यंत्र विहिरीत टाकलं असतं. पण दुसऱ्या कोणाच्या घरात बोलायला माणसं असतात. अंबादासला त्या घरात कोणी जागेपणी 'हां' म्हणून बराच काळ झाला होता. फोनवर लता बोले, पण तिचं सगळं बोलणं प्रश्नांचं: जेवले का, गोळी घेतली का, कधी येता. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारं कोणी नव्हतं. आता होतं. तो दुपारची वाट पाहू लागला. आधी गाण्यासाठी विचारायचा. मग गाणं बाजूलाच राहिलं. चकती खाली आणायची, विचारायचं, 'हां' ऐकायचं, चकती वर न्यायची, पुन्हा खाली आणायची. दुसरं काही विचारून पाहिलं. शेवंता, तू आहेस का? काही नाही. तुझं नाव काय? काही नाही. ऊन फार आहे ना आज? काही नाही. जेवढं कामाचं तेवढंच उत्तर, तेही एका अक्षरात. भूत असलंच तर ते केंद्र सरकारच्या सेवेत असावं, असं त्याला वाटलं, आणि कितीतरी दिवसांत तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. हसू थांबलं तेव्हा खोली पूर्वीपेक्षा जास्त रिकामी वाटली.

एका अक्षरावरून माणूस ओळखायचा कसा? कधी वाटे, हीच ती, लाटणं खाली ठेवून बोलली. कधी वाटे, आवाज बाईचा नाही. कधी वाटे, माणसाचाच नाही, नुसता श्वास आहे आणि अक्षर आपण त्याला चिकटवून राहिलो.

पण मन कुठं ओढत होतं ते दिसत होतं. रविवारी लताचा फोन आला तेव्हा त्यानं सांगून टाकलं, की मी नागपूरला येत नाही, माझं इथं बरं चाललं आहे.  लतानं सांगितलं, की ती येत्या शनिवारी येते आहे, तिकिटं काढते आहे, आणि बाबांना घेतल्याशिवाय जाणार नाही. बोलताना गल्लीत दूधवाला ओरडला, म्हणून अंबादास फोन बाजूला ठेवून दारापर्यंत जाऊन आला. परत आला तोवर तिनं फोन ठेवला होता. रागावली, असं त्याला वाटलं.

आता ठरवायला हवं होतं. मागे उभी आहे ती शेवंता असेल, तर तिला या घरात सोडून तो कुठंही जाणार नव्हता. मग भन्तेजी काय म्हणायचं ते म्हणोत. आणि ती नसेल तर... त्या 'तर'च्या पुढे तो जात नव्हता.

शुक्रवारी दुपारी त्याला परीक्षा सुचली. टेस्टिंगवाल्यालाच सुचेल अशी. शेवंतानं अर्थची तार लागलेली नसताना आयुष्यात कधी 'हां' म्हटलं नव्हतं. तापानं फणफणली होती तेव्हाही नाही, त्याच्याशी अबोला धरला होता तेव्हाही नाही. आणि या पेटीला ती तार हवीच होती. हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर; त्यातून पेटीच्या पत्र्याला बारीक गळती होती. तार असेपर्यंत ती गळती जमिनीत जाई. तार काढून पुरा भार दिला, तर लोखंडी चकतीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाणार. जी मागे उभी आहे ती शेवंता असेल, तर ती 'हां' म्हणणार नाही. गप्प राहील. तिचं गप्प राहणं हीच तिची खूण.

त्यानं अर्थची तार सोडवली आणि कोणालाही दिसेल अशी टेबलावर आडवी ठेवली. मेन स्विच टाकला. हेडफोन चढवला. डावा हात खिशात. उजवा हात त्यानं मुद्दाम मांडीवर ठेवला, चकतीपासून लांब. बाहेर गरम लू सुटली होती. कुठलीशी खिडकी अधूनमधून हळूच आपटत होती. हेडफोनमध्ये कूलर ऐकू येत होता, त्याच्या आत टपटपणारं पाणी ऐकू येत होतं, आणि त्या दोन्हींच्या अलीकडे एक अशी शांतता होती, जी कोणीतरी धरून ठेवल्यासारखी होती.

"शेवंता," तो म्हणाला, "तार पाय. नीट पाय आणि मंग सांग..."

मग विचारलं, "देऊ?"

उत्तर आलं नाही.

तो थांबला. पाण्याचे थेंब पडत राहिले. उत्तर आलं नाही. त्याच्या छातीत काहीतरी सैल होत गेलं. ती होती. तिनं तार पाहिली होती. तो हसू लागला, तोंडानं नव्हे, सगळ्या अंगानं; उद्या लताला काय सांगायचं याचे शब्दसुद्धा त्याच्या मनात जुळू लागले.

आणि तेव्हा, कानाला लागून, अगदी सावकाश...

"हां."

अंबादासला भीती वाटली नाही. भीती वाटायला जागाच नव्हती. सगळी जागा दुसऱ्याच एका गोष्टीनं व्यापली होती. शेवंता दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी तो घरात एकटाच होता. त्या दुःखात त्याला आपला उजवा हात दिसला. तो मांडीवर नव्हता. 'हां' आलं होतं, आणि 'हां' आलं की थांबायचं नाही, विचार करायचा नाही, हे हाताला आयुष्यभर शिकवलेलं होतं. हात चकतीवर होता. चकती फिरू लागली होती. काटा चढत होता. बोटांत मुंग्या आल्या, मनगटात आल्या, कोपरापर्यंत आल्या. हात उघडायला पाहिजे हे त्याला कळत होतं, आणि हात मिटत चालला होता.

लाइट गेली.

वीज मंडळाला त्या उन्हाळ्यात मनापासून दुवा देणारा सगळ्या शहरात तो एकटाच असेल. काटा पडला. कूलरचा पंखा रेंगाळत थांबला. बोटं सुटली. अंबादास धापा टाकत बसून राहिला, हेडफोन डोक्यावर तसाच.

वीज गेली म्हणून भार लगेच जात नाही. कोरड्या हवेत तो पडदा काही वेळ भार धरून ठेवतो. यंत्र मेलेलं, घर मेलेलं, गल्ली मेलेली, आणि कानाशी तो पडदा तेवढा जागा होता. त्यात अंबादासला आपला श्वास ऐकू आला. मग आपला नसलेला.

"हां," तो आवाज म्हणाला. कोणी काही विचारलेलं नसताना. मग जरा वाट पाहून, जरा जवळून, "हां..." आणि मग समजावल्यासारखं, मागून कोणी खांद्यावर वाकावं तसं, "हां... हां..."

अंबादासनं मागे पाहिलं नाही. डाव्या हातानं हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला, भिंतीकडे तोंड ठेवून, भिंतीला हात लावत लावत तो दारापर्यंत गेला आणि उन्हात जाऊन उभा राहिला. पाय भाजत होते. चप्पल आत होती. तो चपलेसाठी परत गेला नाही.

त्या रात्री तो विहाराच्या ओसरीवर झोपला. शनिवारी सकाळी लता आली तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता, आणि तिनं तोंड उघडायच्या आतच म्हणाला, चल. लता नागपूरहून भांडायची तयारी करून आली होती. ती सगळी वाया गेली. तिनंच आत जाऊन त्याचे कपडे भरले. यंत्राचं काय करायचं विचारलं. राहू दे, तो म्हणाला. मेन स्विच तेवढा खाली ओढून ये, आणि लवकर ये.

संध्याकाळची गाडी होती. गल्लीच्या तोंडाशी ऑटो उभा होता आणि शेजारी बापू उभा होता, नवा सदरा घातलेला, लग्नाचं खाऊन तुकतुकीत झालेला. त्यानं अंबादासला मिठी मारली आणि काहून असा अचानक चाललास म्हणून विचारलं. लता बापूच्या आजूबाजूला पाहत होती.

"काका, तुमची बॅग?"

"माझी? माझी कायची बॅग, बेटा?"

"अरे, तुम्ही पण येऊन राहिले ना! मी तिकीट काढलं तुमचं."

बापूला ऐकू कमी येतं म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. गेल्या रविवारी बाबा दूधवाल्याकडे गेले, तेव्हा फोनवर कोणी आहे असं तिला वाटलं. तिनं विचारलं, बापूकाका, तुम्हीच का? तर हां म्हणाले. मग तिनं म्हटलं, तुम्ही पण चला की नागपूरला थोडे दिवस, बाबांना करमेल, तुमचा मोतीबिंदूही दाखवून टाकू. तर तेव्हाही हां म्हणाले. म्हणून तिनं तीन तिकिटं काढली.

बापूनं अंबादासकडे पाहिलं.

"मी तर कालच आलो कटनीहून," तो म्हणाला.

लता हसली. काका विसरले असतील, चलो, काही हरकत नाही, असं म्हणत तिनं सामान ऑटोत चढवलं. अंबादास बसला. ऑटो निघाल्यावर बापू हात हलवत राहिला. अंबादासनं हात वर केला, पण मान वळवली नाही.

गाडीला सुट्ट्यांची गर्दी होती. लोक दारात उभे, शौचालयाशी बसलेले, बायका पेट्यांवर पोरं घेऊन. अंबादास आणि लता एका बाकावर बसले. समोर खिडकीची जागा, तिसऱ्या तिकिटाची. दोन-तीन जण तिथपर्यंत आले, बसण्यासाठी वाकले, आणि काही न बोलता पुढे गेले. लताच्या ते लक्षात आलं नाही. ती नवऱ्याला फोन करायला कुठे थांबा आहे ते शेजाऱ्याला विचारत होती. मदनमहाल स्टेशन मागे पडलं. मावळतीचं ऊन आडवं आत आलं आणि त्या मोकळ्या जागेवर पडलं. अंबादास खिडकीबाहेरच्या खडकांवरून नजर काढत नव्हता.

टीसी आला. लतानं तिकिटं दिली. त्यानं चष्मा वर सरकवला, यादीवर बोट फिरवलं.

"तीनों नागपुर तक?"

लता पाण्याची बाटली शोधत होती. अंबादासनं बोलायला तोंड उघडलं. पण टीसी त्या दोघांकडे पाहतच नव्हता. त्यानं समोर पाहत मान डोलावली, उत्तर मिळालेल्या माणसासारखी.

"अच्छा जी," तो त्या जागेला म्हणाला, यादीवर तिसरी खूण केली आणि पुढच्या कप्प्यात गेला.